स्लो कुकरमधलं मॅक अँड चीज: सॉस फुटू न देता, मॅकरोनीचा लगदा होऊ न देता

स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास अन्न शिजवणारं विजेचं भांडं, मुळात शिजायला वेळ घेणाऱ्या पदार्थांसाठी बनलेला आहे. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन यांना १९४० साली ज्या भांड्याचं पेटंट मिळालं, त्यामागे चोलंट होतं. शुक्रवारी संध्याकाळी भट्टीत ठेवून शनिवारी काढायचा, घेवडा आणि मांस घातलेला हा ज्यू रस्सा. पुढे रिव्हल कंपनीने नॅक्सन यांचा धंदा विकत घेतला आणि १९७१ पासून तेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ नावाने अमेरिकेच्या घराघरांत गेलं. आधी दहा मिनिटं खळखळून उकळून घेतलेला घेवडा-राजमा आणि चिवट मांस यांना आठ तासांची मंद आच मानवते. मॅकरोनीला ती अजिबात मानवत नाही, आणि दूध-चीजला त्याहूनही नाही. आणि मॅक अँड चीज म्हणजे दूध-चीजच्या सॉसमधली मॅकरोनीच.

म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की करा. सकाळी लावून ऑफिसला जायचं आणि संध्याकाळी झाकण उघडायचं, असा हा पदार्थ नाही. तो पावणेदोन तासांच्या आसपास होतो, आणि त्यातही तीन-चार वेळा ढवळायला लागतो. मग स्लो कुकरमध्ये करायचाच कशाला? मॅकरोनी वेगळी उकडावी लागत नाही, मैदा परतून व्हाइट सॉस करावा लागत नाही, ओव्हन आणि गॅस दोन्ही मोकळे राहतात, आणि ज्या भांड्यात शिजलं तेच टेबलावर ठेवून तासभर गरम राहतं. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सणाला ओव्हन टर्कीने अडवलेला असतो, तेव्हा हेच भांडं कामाला येतं. महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, लहान मुलांच्या ताटांसाठीही तेच सोयीचं.

साहित्य, मुख्य जेवण म्हणून चौघांना पुरेल इतकं:

मॅकरोनी, ड्युरम गव्हाची – २५० ग्रॅम
इव्हॅपोरेटेड मिल्क – १ डबा (३५४ मिली)
फुल क्रीम दूध – ३५० मिली, शिवाय शेवटी लागलं तर १०० मिली
प्रोसेस्ड चीज – १०० ग्रॅम
मुरलेलं चेडर – १५० ग्रॅम
लोणी – ३० ग्रॅम, आणि भांड्याला लावायला थोडं
पिवळ्या मोहरीची पूड – अर्धा चहाचा चमचा
पांढरी मिरपूड – पाव चमचा
मीठ – अर्धा चमचा
पॅप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड) आणि जायफळ – चिमूट चिमूट

हे प्रमाण ३ ते ४ लिटरच्या भांड्यासाठी आहे. सहा-सात लिटरच्या मोठ्या भांड्यात एवढंच घातलं तर ते तळाशी पसरतं, कडा पाऊण तासातच कोरड्या पडून करपायला लागतात. स्लो कुकर निम्मा ते दोन-तृतीयांश भरलेला असला की बरा चालतो. भांडं मोठंच असेल तर दुप्पट प्रमाण घ्या. त्याची रीत थोडी वेगळी आहे, ती पुढे दिली आहे.

दूध कोणतं

सगळा पदार्थ या एका निवडीवर उभा आहे. साधं दूध तास-दीड तास गरम राहिलं, त्यात चीजचा आंबटपणा मिसळला, की त्यातलं केसीन हे प्रथिन गोळा होऊ लागतं आणि सॉसमध्ये बारीक पांढरे कण दिसतात. दूध जितकं कमी फॅटचं, तितकं हे लवकर होतं. इव्हॅपोरेटेड मिल्क म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी काढून टाकलेलं दूध. डब्यात बंद करून ते जोरदार तापवावं लागतं, म्हणून ते फाटू नये यासाठी त्यात स्थिर ठेवणारी द्रव्यं आधीच घातलेली असतात. स्लो कुकरमध्ये हाच गुण कामी येतो. सगळं दूध डब्यातलंच वापरलं तर सॉस फार जड होतो आणि आटवलेल्या दुधाची गोडसर चव वर येते, म्हणून अर्धं साधं दूध.

अमेरिकेत ३५४ मिलीचा डबा कुठेही मिळतो. ब्रिटनमध्ये डबा ४१० ग्रॅमचा असतो, तो घेतल्यास साधं दूध ५० मिलीने कमी करा. भारतात मात्र हा डबा शोधावा लागतो, आणि शेजारीच कंडेन्स्ड मिल्कचा डबा दिसतो. त्यात भरपूर साखर असते. तो घेऊ नका.

डबा मिळाला नाही तर घरी दूध आटवा. पसरट, जाड बुडाच्या कढईत ८५० मिली फुल क्रीम दूध मध्यम आचेवर सतत हलवत ३५० मिलीवर आणा. कडेची साय खरवडून परत दुधात घालत राहा आणि शेवटी गाळून घ्या, नाहीतर सायीचे तुकडे सॉसमध्ये गुठळ्यांसारखे लागतात. या दुधात डब्यातली स्थिर ठेवणारी द्रव्यं नसतात, तेव्हा दोन चहाचे चमचे कॉर्नफ्लोअर थोड्या गार दुधात कालवून त्यात घाला आणि एक उकळी काढा. स्टार्च केसीनच्या कणांना एकमेकांना चिकटू देत नाही.

चीज दोन प्रकारचं का

चेडरशिवाय चव नाही आणि प्रोसेस्ड चीजशिवाय सॉस गुळगुळीत नाही. चीज गरम झालं की त्यातली प्रथिनं आखडतात आणि फॅट पिळून बाहेर पडतं. कडेला पिवळं तेल आणि तळाशी रबरासारखे दोर, असं दिसलं की समजायचं, सॉस फुटला. प्रोसेस्ड चीजमध्ये सोडियम सायट्रेटसारखे क्षार असतात. ते चीजमधल्या कॅल्शियमला धरून ठेवतात, त्यामुळे प्रथिनं सुटी होऊन फॅट आणि पाणी एकत्र बांधून ठेवतात. आपल्याकडची अमूल चीजची वडी किंवा क्यूब हे नेमकं तसंच चीज आहे. २५ ग्रॅमचे चार क्यूब म्हणजे १०० ग्रॅम. अमेरिकेत दुकानातल्या डेलीच्या, म्हणजे कापून दिलेलं चीज-मांस विकणाऱ्या, काउंटरवर मिळणारं अमेरिकन चीज किंवा वेलव्हीटा तेच काम करतं.

चेडर साधारण वर्षभर मुरलेलं घ्या. त्याहून जुनं चवीला उत्तम लागतं, पण गरम झाल्यावर लवकर तेल सोडतं. एकदम कोवळ्या चेडरची चव दुधात हरवते. मोझरेला इथे नको. तो पिझ्झ्यावर छान, पण सॉसमध्ये डाव वर उचलला की सगळी तार वर येते आणि खाली पातळ दूध उरतं. पनीर तर वितळतच नाही. ते आंबट घालून नासवलेलं असतं, त्यामुळे त्यातलं कॅल्शियम निघून जातं आणि गरम केल्यावर ते तसंच घट्ट राहतं. पनीर हवंच असेल तर तुकडे तळून शेवटी घाला.

चीज वडीतूनच किसून घ्या. पाकिटातलं किसलेलं चीज एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला बटाट्याचा स्टार्च किंवा सेल्युलोज चोळलेलं असतं. ओव्हनमध्ये ते खपून जातं, इथे मात्र जिभेला रवाळ लागतं.

शाकाहारी मंडळींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. चीजसाठी दूध घट्ट करायला रेनेट वापरतात आणि ते काही वेळा वासराच्या जठरातून काढलेलं असतं. पार्मिजानो रेज्जानो आणि ग्रुयेर ही चीज परंपरेने तशीच बनतात. परदेशात पाकिटावर नुसतं ‘एन्झाइम्स’ लिहिलेलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. ‘मायक्रोबियल’ किंवा ‘व्हेजिटेरियन’ हा शब्द शोधा. भारतात पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहिला की झालं.

कृती

स्लो कुकरचं आतलं मातीचं भांडं कोमट पाण्याने खंगाळून पुसून घ्या आणि तळापासून निम्म्या उंचीपर्यंत लोण्याचा हात फिरवा. फ्रिजमधून काढलेल्या गार भांड्यात गरम दूध कधीही ओतू नका, तडा जातो.

गॅसवर एका पातेल्यात इव्हॅपोरेटेड मिल्क, ३५० मिली साधं दूध, लोणी, मोहरी पूड, मिरपूड, जायफळ आणि मीठ एकत्र करून मध्यम आचेवर ठेवा. कडेने बारीक बुडबुडे दिसायला लागले की आच मंद करा, किसलेलं प्रोसेस्ड चीज मूठमूठ घालत हलवा. दोन-तीन मिनिटांत ते दुधात पूर्ण विरघळतं. उकळी येऊ द्यायची नाही. ही पाच मिनिटांची पायरी टाळून सगळं थेट भांड्यात घालणाऱ्या बऱ्याच पाककृती आहेत, पण ती टाळू नये. गार दुधात मॅकरोनी पडली तर दूध तापेपर्यंत अर्धा तास ती नुसती भिजते. बाहेरून पिठूळ होते, चिकटून गोळे होतात आणि आतून कच्ची राहते. गरम दुधात ती पहिल्या मिनिटापासून शिजायला लागते.

कोरडी मॅकरोनी भांड्यात पसरा, वरून हे गरम दूध ओता आणि डावाने दाबून सगळे तुकडे दुधाखाली जातील असं बघा. वर राहिलेला तुकडा शेवटपर्यंत कडक राहतो. झाकण लावून कुकर ‘लो’ वर ठेवा. ‘हाय’ वर लावून वेळ वाचवायचा मोह टाळा. दोन्ही सेटिंगवर भांडं अखेर जवळपास सारख्याच तापमानाला पोचतं, ‘हाय’ वर फक्त लवकर पोचतं. पण त्या घाईत कडेचं दूध करपतं आणि मधली मॅकरोनी मागे पडते.

३० मिनिटांनी पहिल्यांदा ढवळा. स्लो कुकरची तार बहुतेक यंत्रांत भांड्याच्या भोवती गुंडाळलेली असते, तेव्हा आच कडेने लागते. म्हणून नुसतं गोल गोल फिरवू नका. सपाट सराट्याने कडेचं खरवडून मध्ये आणा आणि मधलं कडेला ढकला. या वेळी मिश्रण अगदी पातळ दिसतं. घाबरून जास्त मॅकरोनी घालू नका. ६० मिनिटांनी दुसऱ्यांदा ढवळा, तोवर दूध दाटसर झालेलं असतं. त्यानंतर दर दहा-बारा मिनिटांनी बघत राहा. एरवी स्लो कुकरचं झाकण सारखं उघडू नये म्हणतात, कारण उष्णता जाते आणि वेळ लांबतो. ते खरंच आहे, पण मॅकरोनीच्या बाबतीत दहा मिनिटं उशीर झालेला परवडतो, लगदा झालेला नाही. उघडा, झटकन ढवळा, लावा.

शिजली की नाही हे बघायला मधला एक आणि कडेचा एक तुकडा काढून सुरीने आडवा कापा. कापलेल्या कडेच्या मधोमध पांढरा ठिपका किंवा रेघ दिसली तर ती अजून कच्ची आहे. ठिपका जेमतेम दिसेनासा होतोय, दाताखाली किंचित दम आहे, अशा वेळी थांबायचं. भातासारखी बोटचेपी होऊ द्यायची नाही, कारण पुढे चीज घातल्यावर आणि वाढेपर्यंत ती भांड्याच्या उष्णतेवर शिजतच राहते. हा टप्पा ७५ ते ११० मिनिटांत कधीही येतो. यंत्र, मॅकरोनीची जाडी आणि दूध किती गरम होतं, यावर ते ठरतं. पहिल्या खेपेला आपल्या कुकरचा वेळ कागदावर लिहून ठेवा, पुढच्या वेळी तोच प्रमाण.

आता कुकर बंद करा. ‘वॉर्म’ वरही नको. किसलेलं चेडर तीन भागांत घाला, प्रत्येक भाग विरघळल्यावर पुढचा. उष्णता भरपूर असते, चेडर वितळायला आच लागत नाही, आणि आच नसली की ते फुटतही नाही. सॉस पळीवाढा असावा, ताटात वाढल्यावर हळूहळू पसरेल इतपत. घट्ट वाटला तर राखून ठेवलेलं दूध गरम करून दोन-दोन चमचे घाला. पातळ वाटला तर झाकण काढून दहा मिनिटं नुसता राहू द्या. मॅकरोनीतला स्टार्च तो आपोआप घट्ट करतो. घट्ट करायला आणखी चीज घालू नका. मिठाची चव आता बघा, आधी नाही. दोन्ही चीज खारट असतात आणि त्यांचा खारटपणा ब्रँडनुसार बदलतो.

झाकणाला आतून साचलेली वाफ थेंबाथेंबाने वर पडते आणि पृष्ठभाग पाणचट होतो. मॅकरोनी शिजल्यापासून वाढेपर्यंत झाकणाखाली सुती पंचा दुहेरी करून ताणून ठेवा आणि त्याची टोकं झाकणावर दुमडून घ्या. ती गरम बाजूंना टेकता कामा नयेत.

वरचा कुरकुरीत थर

स्लो कुकरमध्ये काहीही खरपूस होत नाही. आत सगळी वाफ असते. म्हणून कुरकुरीतपणा बाहेरून आणायचा. दोन शिळे पाव मिक्सरमधून जाडसर काढा, एक चमचा लोण्यावर मंद आचेवर सात-आठ मिनिटं परता, बदामी रंग आला की पॅप्रिका घालून उतरवा. हा चुरा वाढताना ताटात घाला. भांड्यात पसरून झाकण लावलं तर पाच मिनिटांत मऊ पडतो.

भाज्या घालायच्या असतील तर

टोमॅटो शिजताना नको, त्याच्या आंबटपणाने दूध फाटतं. खायचाच असेल तर बारीक चिरून, बिया काढून वर पेरा. मटार आणि मक्याचे दाणे फ्रोजन असतील तर आधी पाण्यातून काढून निथळवा आणि शेवटच्या १५ मिनिटांत घाला. थेट फ्रीझरमधून घातले तर भांड्याचं तापमान एकदम उतरतं. पालक, मश्रूम, कांदा यांना पाणी सुटतं, तेव्हा कढईत ते पाणी आटेपर्यंत परतून मगच. हिरवी मिरची बारीक चिरून सुरुवातीलाच दुधात घातली तर तिखटपणा सगळीकडे छान मुरतो. चिकन घालायचं तर शिजवलेलंच घाला, या वेळात आणि या आचेवर कच्च्या चिकनवर विसंबू नका.

दुप्पट प्रमाण, पॉटलकसाठी

५०० ग्रॅम कोरडी मॅकरोनी एका वेळी शिजवली की कड आणि मध्य यांत फार फरक पडतो. कडेची लगदा होते तोवर मधली कच्चीच असते. म्हणून मोठ्या प्रमाणात मॅकरोनी आधी अर्धकच्ची करून घ्यावी. पाकिटावर आठ मिनिटं लिहिलेली असतील तर मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात चार मिनिटं, लगेच निथळून चमचाभर लोणी चोळून घ्या. तिने आधीच पाणी प्यायलेलं असल्यामुळे दूध दुप्पट लागत नाही. इव्हॅपोरेटेड मिल्कचे दोन डबे आणि ३०० मिली साधं दूध पुरतं. मीठ मात्र अर्ध्या चमच्यापेक्षा वाढवू नका, कारण मॅकरोनी मिठाच्या पाण्यातून आलेली आहे. बाकी साहित्य दुप्पट. ‘लो’ वर तासाभराच्या आसपास होतं.

कार्यक्रमाच्या ठिकाणी न्यायचं असेल तर मॅकरोनीत चांगला दम असतानाच थांबा, सॉस नेहमीपेक्षा पातळ ठेवा, आणि थर्मासमध्ये २०० मिली गरम दूध सोबत न्या. पोचल्यावर ‘वॉर्म’ वर लावून तेवढं दूध थोडं थोडं घालत ढवळत राहा. तासाभराच्या वर ‘वॉर्म’ वर ठेवलं तर ते खाण्याजोगं राहतं, पण चव आणि पोत दोन्ही उतरतात.

यंत्राबद्दल

अमेरिकेतून आणलेला स्लो कुकर १२० व्होल्टचा असतो. भारतातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये नुसती पिन बदलून लावला तर जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, आणि त्याची क्षमता कुकरवर लिहिलेल्या वॅटपेक्षा भरपूर जास्त हवी. इन्स्टंट पॉटसारख्या विजेच्या प्रेशर कुकरचं स्लो कुक सेटिंग वापरत असाल तर त्यात आच फक्त तळातून येते, म्हणून दर २० मिनिटांनी तळ खरवडा. भाताच्या इलेक्ट्रिक कुकरमध्ये ही कृती करू नका. त्याची ‘कुक’ची आच दुधासाठी फार तेज असते, तळाशी लागतं.

मध्येच वीज गेली आणि तुम्ही घरात असाल, तर सगळं पातेल्यात काढून गॅसवर मंद आचेवर, सतत ढवळत पुरं करा. बंद भांड्यात दूध कोमट होऊन पडून राहणं चांगलं नाही. ४ ते ६० अंशांच्या मध्ये असलेलं शिजवलेलं दूध-चीज दोन तासांपेक्षा जास्त राहिलं असेल तर टाकून द्यावं.

बिघडलंच तर

कडेला तेल सुटलेलं दिसलं की लगेच बंद करून भांडं यंत्रातून बाहेर काढा. ५० मिली गरम इव्हॅपोरेटेड मिल्कमध्ये एक क्यूब प्रोसेस्ड चीज विरघळवून ते ओता आणि मिनिटभर जोरात ढवळा. बहुतेक वेळा सॉस परत एकजीव होतो. बारीक पांढरे कण मात्र दूध फाटल्याचे असतात, ते परत विरघळत नाहीत. खायला हरकत नाही, पण पुढच्या वेळी जास्त फॅटचं दूध आणि कमी वेळ. मॅकरोनी वरून मऊ आणि आतून कडक राहिली असेल तर दूध गार होतं किंवा कमी पडलं. ५० मिली उकळतं दूध घालून, दाबून, झाकण लावून आणखी १५ मिनिटं द्या.

उरलेलं दोन तासांच्या आत पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवस चांगलं राहतं. रात्रभरात मॅकरोनी सगळा सॉस पिऊन घट्ट वडी होते, त्यामुळे गरम करताना दर वाटीमागे दोन चमचे दूध घाला आणि मायक्रोवेव्ह निम्म्या पॉवरवर, दर मिनिटाला ढवळत चालवा. पूर्ण पॉवरवर चेडर तेल सोडतं. परत स्लो कुकरमध्ये गरम करायला ठेवू नका, तो गार अन्न तापवायला फार वेळ लावतो.